हमीचे कर्ज आणि कृष्णेचे पाणी



उळवीची ख्याती चन्नबसवण्णांच्या समाधीमुळे. त्यांचे मामा बसवण्णा हे कल्याणच्या बिज्जल राजाचे भांडारी; तेव्हा राज्याच्या तिजोरीचा विषय या भूमीला परका नाही. येथील जत्रेला बैलगाड्यांनी येणाऱ्या भाविकांपैकी अनेकांची शेते मलप्रभेच्या, म्हणजे कृष्णेच्याच खोऱ्यात आहेत. त्या कृष्णेसाठी दोन राज्यांनी काढलेल्या कर्जाविषयी मी आज बोलणार आहे.

१९७६ मध्ये अंतिम झालेल्या बच्छावत निवाड्याने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० अब्ज घनफूट पाणी दिले. ३१ मे २००० नंतर या वाटपाचा फेरविचार होऊ शकणार होता. मुदत जवळ येत चालली, धरणे अपुरी होती आणि पैसा नव्हता. तेव्हा कर्नाटकात काँग्रेस सरकारने १९९४ मध्ये कृष्णा भाग्य जल निगम स्थापन केला. महाराष्ट्रात शिवसेना-भाजप युतीने १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ उभारले. पक्ष निराळे, परंतु मार्ग एकच: रोखे महामंडळाने विकावयाचे आणि हमी सरकारने द्यावयाची. घटनेच्या २९३ व्या कलमानुसार केंद्राचे देणेकरी असलेल्या राज्यास नव्या कर्जासाठी केंद्राची संमती लागते. महामंडळाच्या रोख्यांना ती अडचण नव्हती. शिवाय अर्थसंकल्पातील तूटही वाढलेली दिसत नसे.

पुढे कर्नाटकात १९९४ च्या अखेरीस जनता दल आणि १९९९ मध्ये पुन्हा काँग्रेस सत्तेवर आली. महाराष्ट्रात १९९९ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार आले. सरकारे बदलली, रोखे मात्र तसेच राहिले. पाणीपट्टीतून एवढे व्याज सुटणे शक्य नव्हते. तो भार अखेर राज्याच्या तिजोरीवरच आला. कर्नाटकाने २००२ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये वित्तीय शिस्तीचे कायदे केले. तिजोरीतून फेडावी लागणारी अशी कर्जे राज्याच्या कर्जमर्यादेत धरण्यास केंद्राने २०२२ मध्ये प्रारंभ केला.

मी मराठीचा अध्यापक. 'हमी' हा शब्द कानाला हलका वाटतो. परंतु जामीन राहणारा हा अर्धा ऋणकोच, हे आपला शेतकरी पक्के जाणतो. धरणासाठी कर्ज काढणे मला गैर वाटत नाही. ज्या पिढ्या ते पाणी वापरतील, त्यांनी भार उचलावा हे न्याय्यच आहे. मात्र त्या भाराचा आकडा त्यांच्यापासून झाकून ठेवणे न्याय्य नव्हे. म्हणून कोणताही पक्ष मते मागावयास आला, तर त्याने किती हमी दिल्या आहेत, हे या शाळेच्या विद्यार्थ्यांनी अवश्य विचारावे.