मरणाऱ्या पेशीची खूण

मावशीला ल्यूपस झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "यांचं शरीर स्वतःच्याच डीएनएविरुद्ध अँटीबॉडी बनवतंय." मला प्रश्न पडला, डीएनए तर पेशीच्या आत बंद असतो. तो शरीराच्या पहारेकऱ्यांना दिसला कसा?

उत्तर शोधताना मी १८८२ सालापर्यंत मागे गेलो. सिसिलीतल्या मेसिना गावी इल्या मेचनिकोव्हने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला. सकाळी पाहतो तर काट्याभोवती भटक्या पेशींचा गराडा! या भक्षक पेशींनी त्याला १९०८चं नोबेल मिळवून दिलं. पण पुढे लक्ष राहिलं ते मुख्यतः त्यांच्या जंतू खाण्यावर.

आपल्याच मेलेल्या पेशींचं काय? १९७२मध्ये जॉन कर, अँड्र्यू वायली आणि अलास्टेअर करी यांनी एका शांत मरणाचं वर्णन केलं. पेशी आक्रसते, तिच्या छोट्या बंद पुड्या होतात आणि शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात. सूज नाही, गाजावाजा नाही. झाडाची पानं गळण्यासाठीचा ग्रीक शब्द त्यांनी या मरणाला दिला: अपॉप्टोसिस.

पण गिळणाऱ्याला कळतं कसं? १९९२मध्ये व्हॅलरी फॅडॉक आणि सहकाऱ्यांनी एक खूण दाखवली: फॉस्फॅटिडिलसेरीन हा स्निग्ध पदार्थ. जिवंत पेशी तो आवरणाच्या आतल्या बाजूला ठेवते. बाहेर आलाच तर एक पंप त्याला पुन्हा आत ढकलतो. पेशी मरायला लागली की कॅस्पेज नावाची एन्झाइम्स हा पंप तोडतात आणि आतबाहेर सरमिसळ करणारं दुसरं प्रथिन चालू करतात. खूण बाहेर येते आणि भक्षक पेशी ती ओळखतात.

मी रोज कोड लिहितो. तिथेही 'गार्बेज कलेक्शन' असतं, पण नको झालेली मेमरी मुकाट पडून राहते. कलेक्टरच तिला हुडकतो. इथे मात्र जाणारी पेशी स्वतःच पाटी लावते: मला घेऊन जा.

आणि कुणी वेळेवर आलंच नाही तर? पुडी फुटते, आतला डीएनए बाहेर सांडतो. ल्यूपसच्या अनेक रुग्णांत ही सफाई मंदावलेली आढळते. मावशीच्या शरीरात नेमकं हेच झालं का, हे मी सांगू शकत नाही. पण तिने परवा विचारलं, "माझं शरीर माझ्यावर का उलटलं रे?" तेव्हा म्हणालो, "उलटलं नाही गं, कदाचित कचरा उचलायला उशीर झाला असेल."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी.