अर्बुद, कर्क आणि प्रथिन : एका रोगाच्या नामकरणाचा इतिहास

रोगाला नाव कोणत्या खुणेवरून पडले, हे पाहिले म्हणजे त्या काळचे रोगज्ञान कोठवर पोचले होते याचा अंदाज येतो. जठर व आतडे यांच्या कर्करोगाच्या बाबतीत ही खूण तीन वेळा बदललेली दिसते. प्रस्तुत टिपणात या बदलांचा, नांदेड-लातूर भागातील शब्दव्यवहार ध्यानात घेऊन, थोडक्यात परामर्श घेतला आहे.

पहिली खूण स्पर्शाची. वाटोळी, स्थिर, मंद वेदनेची, खोल मूळ धरणारी, सावकाश वाढणारी व न पिकणारी गाठ म्हणजे 'अर्बुद', असे वर्णन सुश्रुतसंहितेत आढळते. पोटातील गाठीस 'गुल्म' हा निराळा शब्द होता. परंतु त्यात अनेक भिन्न विकारांचा समावेश होई.

दुसरी खूण दृष्टीची. स्तनाच्या गाठीभोवती फुगलेल्या शिरा गेलनला खेकड्याच्या पायांसारख्या भासल्या. ग्रीक वैद्यकातील ही कल्पना अरबीत 'सरतान' म्हणून उतरली. या शब्दाचाही अर्थ खेकडाच. नांदेड आणि त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकही उर्दूतून शिकविले जाई. म्हणून तेथे शिकलेल्यांच्या पुस्तकी भाषेत या रोगाचे नाव 'सरतान' होते. पुढे राज्यव्यवहाराची भाषा बदलली आणि 'कर्करोग' हा शब्द रूढ झाला. शब्द बदलला, खेकडा मात्र राहिला! वस्तुतः आतड्यातील गाठीच्या शिरा बाहेरून कोणास दिसत नाहीत. नाव तेवढे स्तनावरून पोटाकडे आले.

तिसरी खूण प्रथिनाची. मूळ संज्ञा बर्झेलियसने सुचविली व मुल्डरने 1838 मध्ये प्रचारात आणली. 'अग्रस्थानी असलेले' असा तिचा ग्रीक अर्थ. मराठी 'प्रथिन' या शब्दात ध्वनीचे साम्य तर आहेच, शिवाय 'प्रथम' या शब्दाची आठवणही आहे. 1965 मध्ये माँट्रियल येथे फिल गोल्ड व सॅम्युएल फ्रीडमन यांना बृहदांत्राच्या कर्कगाठीत एक प्रथिनयुक्त द्रव्य सापडले. निरोगी प्रौढ आतड्यात ते त्यांना आढळले नाही. गर्भाच्या पचनमार्गात मात्र आढळले. यावरून त्यास 'कर्क-भ्रूण प्रतिजन' हे नाव मिळाले. पुढे असे दिसून आले की, निरोगी माणसातही ते अल्प प्रमाणात असते. धूम्रपानाने, यकृताच्या विकारांत व आतड्याच्या दाहातही ते वाढते. उलट, रोगाच्या आरंभी ते पुष्कळदा वाढतच नाही. अर्थात नावाने जेवढे सांगितले तेवढे वस्तुस्थितीने सिद्ध केले नाही.

नैयायिकांच्या भाषेत हा हेतू सव्यभिचार आहे. धूर दिसला की अग्नी असतोच. हे प्रतिजन वाढले की कर्करोग असतोच असे नाही. म्हणून रोग प्रथम शोधण्यासाठी त्यावर विसंबत नाहीत; शस्त्रक्रियेनंतर आतड्याचा रोग परततो आहे काय, हे पाहण्यास त्याचा उपयोग होतो.

याहून निराळा वर्ग रोगाच्या घडणीत भाग घेणाऱ्या प्रथिनांचा. बृहदांत्राच्या बहुतेक कर्करोगांत 'एपीसी' हे आवर घालणारे प्रथिन आरंभीच निकामी होते व बीटा-कॅटेनिन मोकळे सुटते. 'पी-53' चा बिघाड सामान्यतः पुढच्या टप्प्यावर येतो. जठरात पेशींना परस्परांशी जोडून ठेवणाऱ्या ई-कॅडहेरिनचा दोष काही कुटुंबांत आनुवंशिक असल्याचे 1998 मध्ये न्यूझीलंडमधील माओरी कुटुंबांच्या अभ्यासातून दिसून आले.

व्यवहारात या दोन्ही वर्गांना 'मार्कर' हे एकच नाव आहे. नांदेडच्या वा लातूरच्या प्रयोगशाळेतून तपासणीचा कागद घेऊन गावी परतणाऱ्या माणसाला 'मार्कर वाढला' याचा अर्थ 'कर्करोग झाला' असा वाटणे, अथवा 'मार्कर वाढलेला नाही' एवढ्यावरून शौचातील रक्ताकडे त्याने दुर्लक्ष करणे, दोन्ही सारखेच घातक. निर्णय अखेर दुर्बिणीने आतून पाहून व गाठीचा तुकडा तपासूनच होतो. म्हणून ज्याच्या बिघाडाने रोग घडतो ते 'कारक प्रथिन' व जे केवळ रोगाची वर्दी देते ते 'सूचक प्रथिन', असा भेद मराठी परिभाषेने करावा, असे सुचवावेसे वाटते. वर्दी खोटीही असू शकते, हे मराठी माणसाला निराळे सांगावे लागत नाही.