४४,१००चं कूळ

नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि जुन्नर-आंबेगावच्या गावांतली मंडळी जत्रेची सुपारी द्यायला येतात. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) याच गावच्या. लावण्या-वगांच्या कॅसेटी ज्यांनी जपल्या, ते आता त्या संगणकावर उतरवून घेतात आणि घरातल्या वायफाय स्पीकरवर ऐकतात. कधी कधी मात्र आवाज चिरका येतो, ढोलकी घाईत पळते.

कॅसेट बिचारी ठीक असते. संगणक आवाजाचे सेकंदाला हजारो नमुने टिपतो. ४४,१०० नमुन्यांनी उतरवलेलं गाणं यंत्राने ४८,०००चं समजून वाजवलं, की काळी एकचा सूर पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या अधेमधे जाऊन बसतो. पेटीवर त्याला पट्टीच नाही! तीन मिनिटांची लावणीही सुमारे १५ सेकंद आधी आटोपते.

माणसाला ऐकू येणारे सूर साधारण सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचे. ते टिपायला ४०,०००हून अधिक नमुने हवेत, हे गणिताने ठरवलं. पुढचा आकडा दिला टीव्हीने. १९७०च्या दशकात एवढी माहिती साठवायला सोयीची होती ती व्हिडिओ टेप. अभियंत्यांनी आवाजाचे नमुने काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत बदलून चित्राच्या ओळींवर लिहिले, दर ओळीत तीन. अमेरिका-जपानच्या पद्धतीत २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा. युरोपच्या आणि आपल्या दूरदर्शनच्या पद्धतीत २९४ ओळी, ५० वेळा. गुणाकार दोन्हीकडे ४४,१००च! इतका देखणा मेळ तंत्रज्ञानात क्वचित जुळतो. १९८२मध्ये बाजारात आलेल्या सीडीने हाच आकडा उचलला.

४८,००० हे व्हिडिओवाल्यांचं घराणं. सेकंदाला २४, २५ किंवा ३० चित्रं असोत, या आकड्याला नि:शेष भाग जातो. जत्रेतल्या तमाशाचं मोबाइलवरचं चित्रण बहुधा याच मापाचं असतं.

४४,१००वरून ४८,०००वर जाताना दर १४७ जुन्या नमुन्यांमागे १६० नवे घडवावे लागतात. ते न घडवता नुसता आकडा बदलला, की सूर चढतो. म्हणून सूर चढला, तर आधी फाइलवर नोंदलेला आकडा आणि उतरवतानाचा आकडा ताडून पाहावा. नोंद चुकली असेल, तर तेवढीच दुरुस्त करावी. एमपी३वरून पुन्हा एमपी३ करू नये, दर फेरीत आवाजातलं काही ना काही गळतं. मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवावी. २००१मध्ये आलेली ही पद्धत एकही नमुना न गाळता फाइल लहान करते.