मागण्याची विद्या : हिंगण्याच्या झोपडीपासून नाथीबाई ठाकरसी मार्गापर्यंत

१/
विरार पूर्वेच्या चंदनसारमधून रोज सकाळी कितीतरी विद्यार्थिनी स्थानकाकडे निघतात. विरारहून सुटलेली लोकल ज्या चर्चगेटला जाऊन थांबते, तेथून काही मिनिटांच्या अंतरावर नाथीबाई ठाकरसी मार्ग आहे आणि त्याच मार्गावर एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाचे मुख्यालय. रस्त्याला आणि विद्यापीठाला एकाच स्त्रीचे नाव आहे. हे नाव तेथे कसे आले, आणि ज्यांच्या पायपिटीमुळे ते येऊ शकले त्यांचे काय झाले, याचा हा इतिहास.

२/
आज विद्यापीठांमध्ये माजी विद्यार्थी संपर्क आणि निधी संकलन यांचे स्वतंत्र विभाग असतात. नंदन निलेकणी यांनी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये दिले, तेव्हा या कामाचे महत्त्व सर्वांच्या ध्यानी आले. अमेरिकेत ही परंपरा जुनी आहे. येल विद्यापीठाने १८९० मध्येच माजी विद्यार्थ्यांचा वार्षिक निधी सुरू केला. १९१३ मध्ये तेथील माजी विद्यार्थी संघांच्या चिटणिसांनी स्वतःची संघटना बांधली आणि एकमेकांच्या अनुभवातून शिकण्याची सोय केली. हौसेचे काम व्यवसाय होऊ लागले ते तेव्हापासून.

३/
या साऱ्या व्यवस्थेमागे एक गृहीतक आहे : विद्यार्थी शिकेल, कमावेल आणि कमाईतला वाटा संस्थेला परत देईल. पण विद्यार्थिनीच्या हाती संपत्ती येण्याचा मार्गच बंद असेल तर? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकत्र कुटुंबातील हिंदू विधवेला पतीच्या वाट्यावर हक्क नव्हता. तिच्या वाट्याला येई ती पोटगी. कायद्याने तिला मर्यादित का होईना, वाटा मिळण्यासाठी १९३७ साल उजाडावे लागले. अशा स्त्रियांसाठी काढलेल्या शाळेला सधन माजी विद्यार्थिनी कोठून मिळणार?

४/
ही शाळा काढणारे धोंडो केशव कर्वे १८९१ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य अल्प वेतनावर वर्षानुवर्षे काम करण्याचे वचन देत. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या त्या महाविद्यालयाला गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव मिळाले होते. त्यांची देणगी १,२०० रुपयांची होती. देणगी, नाव आणि संस्थेची प्रतिष्ठा यांचे नाते कर्व्यांना येथे जवळून पाहता आले. आधी स्वतःचे आयुष्य द्यायचे आणि मग समाजाकडे पैसा मागायचा, हा धडाही येथलाच.

५/
१८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. याच गोदूबाई पुढे आनंदीबाई, अर्थात बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. या विवाहामुळे मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. निधी मागणाऱ्या माणसाचे पहिले भांडवल म्हणजे ओळखीपाळखी, आणि कर्व्यांचे नेमके तेच हरवले. तरीही १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. आपली शिल्लक त्यांनी संस्थेत घातली. ५,००० रुपयांची विम्याची पॉलिसीही तिच्या नावे करून दिली. दाराशी आलेल्या कर्व्यांना ‘आधी तुम्ही काय दिलेत?’ असे विचारण्याची सोय कोणाला उरली नाही.

६/
१९०० मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगणे येथे गेला. जागा रावबहादूर गोविंद गणेश गोखले यांनी दिली आणि आरंभ झाला एका झोपडीत. सुटीच्या दिवसांत कर्वे गावोगाव वर्गणीसाठी फिरत. जमाखर्च चोख ठेवणे आणि संस्थेचा अहवाल छापून लोकांपुढे मांडणे हा त्यांचा शिरस्ता होता. आजच्या परिभाषेत याला देणगीदारांप्रती उत्तरदायित्व म्हणतात. त्या काळी त्याचे महत्त्व याहूनही अधिक होते, कारण ज्याच्या विवाहावर समाज नाराज आहे त्याच्या हिशेबावर तरी कोणाला बोट ठेवता येऊ नये.

७/
आता या कथेतील मुख्य व्यक्तीकडे वळू. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. जन्म १८७०, माहेर देवरुख. विसाव्या वर्षी वैधव्य आले आणि पदरी एक मुलगा होता. पंचविशी उलटल्यावर त्या पुण्यात शिकू लागल्या, आश्रमाच्या आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी एक झाल्या, पुढे तेथेच शिकवू लागल्या आणि मग संस्थेसाठी निधी गोळा करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. विद्यार्थिनी, शिक्षिका, निधी संकलक : तिन्ही भूमिका एकाच आयुष्यात. संस्थेला परत देण्यासाठी त्यांच्याजवळ द्रव्य नव्हते. म्हणून त्यांनी वर्षे दिली.

८/
त्यांची परिणामकारकता कशात होती? कर्वे जे तर्काने पटवीत, त्याचा पुरावा पार्वतीबाई स्वतःच होत्या. काल अक्षरओळख नसलेली विधवा आज सभेत उभी राहून बोलते, हे श्रोत्यांना डोळ्यांनी दिसे. त्यातच केशवपन केलेली, परंपरागत विधवेच्या वेशातील ही स्त्री सनातनी घरांतही जाऊ शके. पण या वेशाची किंमत त्या स्वतःच्या देहाने मोजत होत्या. १९१२ मध्ये त्यांनी केशवपन सोडले. संस्थेला उपयोगी पडणारी आपली ओळख आणि स्वतःला पटलेले सत्य यांतून त्यांनी सत्य निवडले, तेही दारोदार फिरण्याचे काम चालू असताना.

९/
१९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पार्वतीबाई अमेरिकेला निघाल्या. इंग्रजी जेमतेम, पैसा तुटपुंजा. इंग्रजी शिकावे, तेथील संस्था पाहाव्यात आणि आश्रमासाठी साहाय्य मिळवावे, हा हेतू. उदरनिर्वाहासाठी त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केले. १९२० मध्ये त्या परतल्या. हे सारे त्यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.

१०/
आता त्याच वर्षांतील दुसरे चित्र पाहा. १९१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने माजी विद्यार्थ्यांकडून निधी उभारण्यासाठी मोठी मोहीम काढली. तिचे संचालन जॉन प्राइस जोन्स यांच्याकडे होते. याच मोहिमेनंतर त्यांनी निधी संकलनाची व्यावसायिक कंपनी स्थापन केली. मोहिमेतून सुमारे १.४ कोटी डॉलर जमले. एकीकडे याद्या, कार्यालये आणि प्रचारपत्रके. दुसरीकडे, त्याच देशात, दुसऱ्यांच्या घरी राबून आपल्या शाळेची कैफियत मांडणारी एक माजी विद्यार्थिनी. निधी संकलनाच्या व्यवसायाच्या इतिहासात पहिले चित्र हमखास येते. दुसऱ्यालाही तेथे जागा हवी.

११/
दरम्यान कर्व्यांच्या हाती जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका आली होती. १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तशाच विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये भारतवर्षीय महिला विद्यापीठ सुरू झाले. शिक्षण मातृभाषेतून, सरकारी मान्यता नाही, आरंभीच्या विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मान्यता नसलेली पदवी घेण्याचे धाडस करणाऱ्या या मुलींनी संस्थेवर टाकलेला विश्वास हीच तिची पहिली देणगी.

१२/
गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी जगप्रवासात टोकियोचे ते महिला विद्यापीठ पाहिले. १९२० मध्ये त्यांनी कर्व्यांच्या विद्यापीठाला १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली. साडेतीन टक्के व्याजाने तिचे वार्षिक उत्पन्न ५२,५०० रुपये होई. विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देण्यात आले. देणगी अकस्मात आली असे भासते. पण जिला पैसा द्यावा अशी चालती संस्था, स्वच्छ हिशेब आणि शिकून उभ्या राहिलेल्या स्त्रिया आधीच तयार होत्या. मोठा दाता आला तो लहान दात्यांनी टिकवलेल्या दाराशी.

१३/
१५ लाख मिळाल्यावर कर्व्यांनी झोळी खाली ठेवली काय? नाही. १९२९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ते युरोप, अमेरिका आणि जपानच्या प्रवासाला निघाले. परतल्यावर त्याच १९३० सालाच्या अखेरीस आफ्रिकेला गेले आणि केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार, दक्षिण आफ्रिका येथील भारतीयांपर्यंत पोहोचले. १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवी संस्था काढून पुन्हा वर्गण्या मागायला सुरुवात केली. एकाच दात्यावर विसंबलेली संस्था त्या दात्याचीच होते. अनेकांकडून थोडे थोडे घेणारी संस्था समाजाची राहते. त्यांच्या आयुष्यभराच्या भ्रमंतीचा अर्थ हा आहे.

१४/
माजी विद्यार्थ्यांशी नाते कसे राखावे, याचे आज अभ्यासक्रम आहेत, परिषदा आहेत, प्रशिक्षणे आहेत. ती हवीतच. पण त्या प्रत्येक वर्गात पार्वतीबाईंचे उदाहरण सांगितले जावे. माजी विद्यार्थ्याचे मोल त्याच्या देणगीच्या आकड्यावरून ठरवायचे, तर हिंगण्याच्या या विद्यार्थिनीचे नाव यादीत शून्यापुढे लिहावे लागेल. आणि ती शून्याची नोंद मान्य केली, तर पुढचे १५ लाख का आले हे कधीच उमगणार नाही.

१५/
म्हणून चर्चगेटला उतराल तेव्हा नाथीबाई ठाकरसी मार्गाची पाटी अवश्य वाचा. तो दानाचा योग्य सन्मान आहे. मात्र त्या पाटीवर न मावलेले नावही मनात असू द्या : पार्वतीबाई आठवले, शिक्षण हिंगणे आश्रम, देणगी संपूर्ण आयुष्य.