खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाची पूर्वसिद्धता आणि नत्रचक्राचा शोध : एक ऐतिहासिक आढावा
(गोंदिया जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेला गोंदिया जिल्हा तलावांचा प्रदेश म्हणून सर्वपरिचित आहे. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव आणि त्यांवर उपजीविका करणारा ढिवर समाज यांमुळे येथे मत्स्यसंवर्धनाची दीर्घ परंपरा आढळते. ही परंपरा अर्थातच गोड्या पाण्याची आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय उभारावयाचे ठरविल्यास पहिला प्रश्न उद्भवतो तो असा की, टाकी भरल्यानंतर मासे सोडण्यापूर्वी चार ते सहा आठवडे थांबावे असे का सांगितले जाते? या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाच्या इतिहासात सापडते. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

समतोल मत्स्यालयाची कल्पना :

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सागरी जीव बंदिस्त पाण्यात जिवंत ठेवण्याचे प्रयत्न युरोपात सुरू झाले. लंडनमध्ये ॲना थिन या महिलेने १८४६ पासून प्रवाळ घरी सांभाळले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांच्याकडे ते पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतले जात असे. १८५० च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने वनस्पती, मासे आणि गोगलगायी यांचा परस्परपूरक संबंध मांडला. वनस्पती प्राणवायू देतात व प्राणी कर्बवायू देतात, म्हणून दोहोंचा समतोल साधला की पाणी टिकते, असा हा विचार होता. फिलिप हेन्री गॉस यांच्या सहभागाने १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडण्यात आले.

हा विचार चुकीचा नव्हता. परंतु तो अपुरा होता. माशांच्या मृत्यूचे कारण केवळ प्राणवायूचा अभाव नसून त्यांच्या उत्सर्गातून व उरलेल्या खाद्यातून निर्माण होणारा अमोनिया हेही आहे, याची जाणीव त्या काळी नव्हती. विल्यम आल्फर्ड लॉईड यांनी १८७१ च्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात दृश्य टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा अंधारा जलसाठा ठेवून पाणी सतत फिरते ठेवले. ही व्यवस्था यशस्वी ठरली. त्या यशात साठ्यातील अदृश्य जीवाणूंचाही वाटा असला पाहिजे, असे आज म्हणता येते.

शेतीतून आलेले उत्तर :

अमोनियाचे पुढे काय होते, याचे उत्तर मत्स्यालयातून न मिळता मातीतून मिळाले. भारतात सोरा काढणारे कारागीर ही प्रक्रिया अनुभवाने जाणत होते. बिहारमधील नोनिया समाज गुरांच्या वावराने समृद्ध झालेली जुनी माती गोळा करून तीतून सोरा काढीत असे आणि हा सोरा बंदुकीच्या दारूसाठी ईस्ट इंडिया कंपनीमार्फत युरोपात जात असे. मूत्र व शेणातील नत्राचे नायट्रेटमध्ये रूपांतर होण्यास काळ लागतो, हे या व्यवसायाचे गमक होते.

१८७७ मध्ये फ्रान्समधील श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू सोडले. सुमारे वीस दिवस काहीच बदल झाला नाही. त्यानंतर अमोनियाच्या जागी नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली आणि ताज्या मातीचा अंश मिसळल्यावर पुन्हा सुरू झाली. यावरून ही क्रिया सजीवांमार्फत घडते, हे सिद्ध झाले. आजच्या मत्स्यपालकाला जो प्रतीक्षाकाळ पाळावा लागतो, त्याची ही आद्य नोंद म्हणावी लागेल.

यानंतर रोथमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी या क्रियेचे दोन टप्पे स्पष्ट केले. हे वॉरिंग्टन म्हणजे समतोल मत्स्यालयाची कल्पना मांडणाऱ्या वॉरिंग्टन यांचेच पुत्र होत. पित्याच्या मत्स्यालयात जे सूत्र अनुत्तरित राहिले होते, ते पुत्राला शेतजमिनीत गवसले. १८९० मध्ये विनोग्राड्स्की यांनी असे जीवाणू शुद्ध स्वरूपात वेगळे केले.

ज्ञानाचे मत्स्यालयाकडे पुनरागमन :

हे ज्ञान मत्स्यालयाच्या नित्य व्यवहारात रुजण्यास मात्र विसावे शतक उलटत आले. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले, ते समुद्राच्या अगदी काठावर. समुद्रापासून दूर असलेल्या ठिकाणी मात्र तेच पाणी दीर्घकाळ वापरावे लागते आणि म्हणून जीवाणूंवरील भिस्त वाढते. १९७० च्या दशकापासून जैविक गाळणीची संकल्पना मत्स्यपालनात दृढ झाली. २००५ मध्ये अमेरिकेतील सिॲटल मत्स्यालयाच्या सागरी टाकीतील खडीतून अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारा एक आर्किया वर्गातील सूक्ष्मजीव प्रथमच वेगळा करण्यात आला. २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा जीवाणूही आढळला.

या ज्ञानानुसार पूर्वसिद्धतेची रीत अशी सांगता येईल. रिव्हर्स ऑस्मोसिसने शुद्ध केलेल्या पाण्यात सागरी मीठ मिसळून लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षारता राखावी. टाकीत सच्छिद्र खडक व वाळू ठेवावी आणि अमोनियाचा अल्प स्रोत, उदाहरणार्थ दशलक्षात दोन भाग इतका, पुरवावा. प्रथम अमोनिया वाढतो. तो ओसरू लागताच नायट्राइट वाढते. शेवटी दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट साचते. पुरविलेला अमोनिया एका दिवसात नाहीसा होऊ लागला की टाकी सिद्ध झाली असे समजावे. नंतर काही पाणी बदलून मासे एकेक करून सोडावेत. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.३ असल्याने तेथे अमोनियाचा विषारी अंश सामू ७ च्या पाण्यापेक्षा दहापटीहून अधिक असतो. म्हणून खाऱ्या पाण्यात ही घाई विशेष घातक ठरते.

स्थानिक संदर्भ :

पूर्व विदर्भातील मत्स्यव्यावसायिकांना ही प्रतीक्षा अपरिचित नाही. संगोपन तलावात शेणखत व चुना टाकून सुमारे पंधरा दिवसांनी मत्स्यजिरे सोडण्याची पद्धत रूढ आहे. तिचा मुख्य हेतू प्लवकांची वाढ हा असला, तरी आधी पाणी जिवंत करावे व मग त्यात जीव सोडावा, हे तत्त्व दोहोंकडे समान आहे. विद्यार्थ्यांना समजावताना या परिचित उदाहरणाचा उपयोग करणे इष्ट ठरेल.

प्रवाळांबाबत मात्र एक मर्यादा लक्षात घेणे अगत्याचे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व कठीण प्रवाळांचा समावेश करण्यात आला. भारतीय समुद्रातून काढलेले प्रवाळ बाळगणे हा गुन्हा आहे. तेव्हा महाविद्यालयीन टाकीत निर्जीव अथवा कृत्रिम खडकच वापरावेत.

निष्कर्ष :

१. मत्स्यालयातील प्रतीक्षाकाळ हा जीवाणूंच्या वाढीचा काळ असून त्याची पहिली प्रायोगिक नोंद १८७७ मध्ये झाली.

२. मत्स्यालयाच्या मूलभूत प्रश्नाचे उत्तर सोरा व शेती यांच्या अभ्यासातून मिळाले. ज्ञानशाखांच्या परस्परसंबंधाचे हे ठळक उदाहरण होय.

३. सिद्ध न झालेल्या टाकीत सोडलेले मासे बहुधा समुद्रातून पकडून आणलेले असतात. त्यांचा मृत्यू हा प्रयोगाचा अपरिहार्य भाग नसून इतिहासाच्या अज्ञानाचा परिणाम आहे. दीडशे वर्षांपूर्वी हा दोष क्षम्य होता. आज प्रयोगशाळेने तो टाळणे हे आपले शैक्षणिक उत्तरदायित्व आहे.