पिसवांचा बाजार

बोहारीण दारात येते, तिच्यापुढे आपण जुने लुगडे टाकतो, विरलेले धोतर टाकतो, तासभर घासाघीस करतो आणि एखादे पातेले पदरात पाडून घेतो. ती गेली की त्या लुगड्याचे पुढे काय झाले, हे घरात कोणी विचारीत नाही. मंडळी, आज मी तुम्हाला त्या लुगड्याच्या मागोमाग न्यायचे म्हणतो. मात्र आपल्या गावात नव्हे, थेट पॅरिसला. तिथल्या बोहारणीच्या भाऊबंदांनी एक बाजार उभा केला आणि तो आज साऱ्या जगात नावाजला आहे. कसा उभा केला, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

पॅरिस शहराच्या उत्तर वेशीबाहेर सँ-तुआँ नावाचे गाव आहे. तिथे शनिवार-रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. राजेरजवाड्यांच्या काळच्या खुर्च्या, भिंतीएवढे आरसे, पितळी दिवे, बंद पडलेली घड्याळे, कुणाची तरी लग्नातली छायाचित्रे, एकेकटे उरलेले चमचे असे वाटेल ते तिथे मिळते. ह्या बाजाराचे नाव आहे ‘पिसवांचा बाजार’. एवढ्या मानाच्या बाजाराला असले ओंगळ नाव का? सांगतात ते असे, की जुन्या गाद्या, जुने कपडे आले म्हणजे त्यांच्याबरोबर पिसवाही आल्याच. कोणी थट्टेने हे नाव ठेवले आणि ते चिकटले. इंग्रज लोक अशा बाजाराला ‘फ्ली मार्केट’ म्हणतात, तेही ह्याच फ्रेंच नावाचे भाषांतर. पिसू म्हणजे फ्ली, एवढेच.

आता हा बाजार मांडला कोणी? चिंध्या वेचणाऱ्यांनी. फ्रेंचमध्ये त्यांना ‘शिफोनिए’ म्हणत. पाठीवर उंच करंडा, एका हातात कंदील, दुसऱ्या हातात लोखंडी आकडी, अशा थाटात हे लोक रात्री बाहेर पडत. लोक आपला केरकचरा घरापुढे रस्त्यावरच ओतून ठेवीत. गाड्या येऊन तो उचलण्याच्या आत त्यातले कामाचे तेवढे वेचून घ्यायचे. रात्रीच्या ह्या फेरीमुळे त्यांना कोणी ‘चंद्र पकडणारे कोळी’ असेही म्हणत. नाव गोड आहे, पण धंदा काही गोड नव्हता.

त्यांच्या करंड्यात काय काय पडे ते पाहा. चिंध्या कागदाच्या गिरणीत जात. लाकडाच्या लगद्यापासून कागद करण्याची युक्ती रूढ होईपर्यंत युरोपचा बहुतेक सारा कागद चिंध्यांचाच होता. आपल्याकडेही हातकागदाला जुन्या चिंध्या नि तरटे लागतच होती. हाडांची बटणे होत, आणि हाडे जाळून जो कोळसा होई त्यातून साखरेचा रस गाळून पांढरा करीत. म्हणजे पॅरिसच्या शेटजीच्या चहातली शुभ्र साखर ह्या काळ्या करंड्यातून गेलेली असे! फुटकी काच पुन्हा वितळवीत. मेलेल्या मांजराचे कातडेसुद्धा फुकट जात नसे. ज्याला शहर घाण म्हणे, त्यावर कितीतरी कारखाने चालत होते.

ह्या लोकांतही उच्चनीच होतेच. काहींच्या ठरलेल्या इमारती असत. तिथल्या दारवानाला मदत करायची, त्याबदल्यात कचऱ्यावर पहिला हात त्यांचा. तो हक्क म्हणजे त्यांचे वतनच म्हणा ना! ज्यांना असले वतन नसे ते रस्तोरस्ती भटकत. आणि ह्या सगळ्यांकडून माल तोलून घेणारा सावकार वेगळाच. सरकारचा मात्र सगळ्यांवर सारखाच संशय. 1828 पासून पोलिसांनी त्यांना नावनिशीचा बिल्ला लटकावायला लावला.

1832 साली पॅरिसमध्ये पटकीची साथ आली. अठरा हजारांवर माणसे मेली. घाबरलेल्या नगरशासनाने कचरा लवकर उचलण्याची नवी व्यवस्था केली, संध्याकाळीच गाड्या फिरू लागल्या. शहराच्या आरोग्याच्या दृष्टीने त्यात चूक काय होती? पण वेचणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. त्यांनी दंगा केला, नव्या गाड्या मोडल्या, जाळल्या. साथीने मरावे की उपाशी मरावे, असा तो प्रश्न होता. मला वाटते, इतिहासाच्या पुस्तकात जिला आपण ‘सुधारणा’ म्हणतो, तिच्या तळाशी असा कोणाचा तरी करंडा रिकामा झालेला पुष्कळदा सापडेल.

पन्नास वर्षांनी हाच प्रसंग पुन्हा आला. पॅरिसच्या प्रिफेक्टच्या, म्हणजे आपल्या जिल्हाधिकाऱ्यासारख्या पण त्याहून मोठ्या अधिकाऱ्याच्या, जागेवर यूजेन पुबेल नावाचे गृहस्थ होते. नोव्हेंबर 1883 मध्ये त्यांनी हुकूम काढला, की प्रत्येक घरमालकाने भाडेकरूंसाठी झाकणाची पेटी ठेवावी आणि कचरा त्यातच पडावा. कुजणारा कचरा वेगळा, कागद-चिंध्या वेगळ्या, फुटकी भांडी नि शिंपले वेगळे, अशी वर्गवारीही त्यांनी सांगितली होती. आज आपल्याकडे ओला कचरा, सुका कचरा म्हणून जे चालले आहे ते त्यांना 1883 सालीच सुचले होते! 1884 च्या जानेवारीत हुकूम लागू झाला आणि वेचणाऱ्यांनी एकच ओरडा केला. वर्तमानपत्रांनी पुबेलसाहेबांची यथेच्छ टर उडवली आणि त्या पेटीलाच त्यांचे नाव देऊन टाकले. आज फ्रान्समधले शेंबडे पोरही कचऱ्याच्या डब्याला ‘पुबेल’ म्हणते. शेवटी तडजोड झाली. गाडी येण्यापूर्वी पेटीतला कचरा फडक्यावर पसरून निवडण्याची मोकळीक वेचणाऱ्यांना मिळाली. पण धंद्याची रया गेली ती गेलीच. शिवाय कागदाला आता लाकूड चालू लागले होते, चिंध्यांचा भाव उतरला होता.

तोवर शहरानेही त्यांना बाहेर लोटले होते. तिसऱ्या नेपोलियनच्या अमदानीत ओसमान ह्या अधिकाऱ्याने जुन्या गल्ल्या पाडून सरळ रुंद रस्ते काढले. गल्ल्यांबरोबर गरिबांच्या खोल्याही गेल्या. ही माणसे जाऊन जाऊन जाणार कुठे? पॅरिसभोवती 1841 ते 1844 ह्या काळात एक तटबंदी बांधली होती, सुमारे 33 किलोमीटर घेराची. तटाबाहेर अडीचशे मीटरचा पट्टा मोकळा ठेवलेला होता. शत्रू आला तर तोफांना आडोसा नको, म्हणून तिथे पक्के घर बांधायला बंदी. पण पत्र्याची, फळ्यांची झोपडी काही पक्के घर नव्हे. त्या पट्ट्यात झोपड्या उठल्या. आणखी एक सोय होती. शहराचे जकात नाके तटावर होते. तटाबाहेरची दारू जकातीवाचून स्वस्त पडे. तेव्हा रविवारी पॅरिसचा कामगार बायकापोरांना घेऊन तटाबाहेर हवा खायला, घोट घ्यायला यायचा. वेचणाऱ्यांनी वेशीपाशी जमिनीवर फडकी पसरली आणि आठवडाभर सापडलेला माल मांडला. गिऱ्हाईक आपल्या पायांनी येत होतेच.

बाजाराचा जन्म 1885 सालचा धरतात. सँ-तुआँच्या नगरपालिकेने त्या सुमारास जागेची साफसफाई केली आणि मांडणाऱ्यांकडून पट्टी घ्यायला सुरुवात केली. पट्टी भरली की माणूस भटक्याचा दुकानदार होतो, हा सगळीकडचाच नियम. 1908 साली भुयारी रेल्वे क्लिन्यांकूरच्या वेशीपर्यंत आली आणि शहरातली शौकीन मंडळी सहज येऊ लागली. मग व्हेर्नेझाँ नावाच्या गृहस्थाने तिथे जमीन हाताशी धरून ओळीने खोपटी उभारली, भाड्याने दिली. 1920 पासून तो भाग त्याच्याच नावाने चालतो. 1925 साली शेजारी बिराँचा बाजार निघाला, तिथे तर निवडक, दर्दी माल. चिखलातल्या फडक्यापासून कपाटातल्या झुंबरापर्यंतचा हा प्रवास फक्त चाळीस वर्षांचा आहे.

पण जुन्या वस्तूला एक प्रश्न कायमचा चिकटलेला असतो: ही आली कुठून? मुंबईच्या चोर बाजाराला हा प्रश्न नावातच विचारलेला आहे. काहींच्या मते मूळ नाव ‘शोर बाजार’, गोंगाटाचा बाजार. पण लोकांच्या तोंडी बसला चोर! लंडनमध्ये ह्या प्रश्नाला कायद्याने दिलेले उत्तर मोठे चमत्कारिक होते. जुना इंग्रजी कायदा असे म्हणे, की उघड्या बाजारात, सूर्योदय ते सूर्यास्त ह्या वेळात, सद्‌हेतूने घेतलेली वस्तू चोरीची निघाली तरी घेणाऱ्याचीच. मूळ मालकाने दिवसाढवळ्या बाजारात येऊन आपली वस्तू शोधायची होती, असा त्यामागचा विचार. लंडनच्या बर्मंडसी भागातला जुन्या वस्तूंचा बाजार मात्र पहाटेच सुरू होई आणि व्यापारी हातात विजेऱ्या घेऊन फिरत. 1973 सालचा एक खटला आहे. चोरीस गेलेली शमादानांची जोडी त्या बाजारात विकली गेली. घेणारा म्हणाला, मी उघड्या बाजारात घेतली. न्यायालयाने पाहिले काय, तर त्या वेळी सूर्य उगवला होता की नाही! उगवला नव्हता. शमादाने मालकाला परत गेली. हा कायदा पुढे 1995 च्या जानेवारीत रद्द झाला.

पॅरिसला मात्र असा प्रश्न होता, जो सूर्याकडे पाहून सुटणारा नव्हता. 1940 ते 1944 जर्मनांचा अंमल होता. ज्यू व्यापाऱ्यांना धंद्यातून उठवले, त्यांची दुकाने काढून घेतली. जुन्या मालाच्या धंद्यात ज्यू पुष्कळ होते. पळून गेलेल्या आणि धरून नेलेल्या ज्यूंची पॅरिसमधली अडतीस हजारांच्या आसपास घरे जर्मनांनी पद्धतशीर रिकामी केली. गाद्या, पियानो, मुलांची खेळणी, चहाचे पेले, काही सोडले नाही. बहुतेक सामान आगगाड्यांनी जर्मनीला गेले. ते सगळे परत आले नाही, आणि पुष्कळसे घ्यायला माणसेही परत आली नाहीत. त्या काळातला एखादा चांदीचा पेला आज कुठल्याही बाजारात फळीवर असेल. त्यावर कोरलेली अक्षरे दिसतात. ती कोणाच्या नावाची, हे विकणारा सांगू शकत नाही.

शिक्षक मंडळींना इथे एक सुचवावेसे वाटते. वस्तू हातात आली की किंमत विचारण्याआधी ती कोणाची, कोणत्या गावची, कशासाठी वापरीत, हे विचारून टिपून ठेवावे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी गावोगाव आणि जुन्या बाजारातून अडकित्ते, दिवे, कुलपे, दौती गोळा केल्या, तेव्हा पुष्कळांना तो छंदिष्टपणा वाटला असेल. 1975 साली त्यांनी तो सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. राजवाड्यातल्या तलवारी जपणारे पुष्कळ असतात. स्वयंपाकघरातली विळी जपणारा एखादाच.

सँ-तुआँकडे परत येऊ. तटबंदी 1919 पासून पाडायला घेतली. तिच्या जागेलगत आता शहराला वेढणारा मोटाररस्ता आहे, तो 1973 साली पुरा झाला. पिसवांच्या बाजाराला 2001 साली सरकारी संरक्षण मिळाले: तिथल्या गल्ल्या, खोपटी, सगळे वातावरणच जपण्यासारखे ठरले. ज्या झोपड्यांना एके काळी नाके मुरडली जात त्यांना हात लावायला आता परवानगी लागते. भाडी वाढली आहेत. फडके पसरून बसणाऱ्याला तिथे जागा नाही.

तो आता बाजाराच्या कडेला, मोंमार्त्रच्या वेशीपाशी, मोटाररस्त्याच्या पुलाखाली बसतो. कोणी परदेशातून आलेला, कोणी पेन्शन पुरत नाही असा म्हातारा. कचऱ्याच्या डब्यांतून काढलेले बूट, चार्जर, पातेली मांडायची आणि पोलीस दिसले की फडक्याची चार टोके धरून पळायचे. बरीच वर्षे तंटा चालल्यावर 2009 साली पॅरिसच्या नगरपालिकेने तिथे जमिनीवर चौकोन आखून शंभर जागा त्यांना दिल्या. ओळखपत्र दिले, ज्याने त्याने आपापल्या चौकोनात बसावे असे ठरले. शंभरांत न मावलेले पलीकडच्या पदपथावर मांडू लागले.