मिरजेच्या दर्ग्यातलं गाणं

यंदा उरुसाला मिरजेला निघालो तेव्हा गुडघे कुरकुरत होते. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात चिंचेच्या झाडाखाली गायक बसतात आणि श्रोते जमिनीवर. एकेकाळी तासन्‌तास मांडी घालून ऐकायचो. आता आधी टेकायला भिंत शोधतो.

याच आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. मूळचे कैरान्याचे, पण मिरजेचे झाले. १९३७ साली मद्रासकडे सिंगापेरुमल कोइल स्टेशनावर त्यांनी प्राण सोडला आणि दफन झालं ते इथे. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी. भीमसेनांनी गुरूच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेला महोत्सव सगळ्यांना ठाऊक असतो. त्या गाण्याची वाट या कबरीवरून जाते, हे मात्र आपल्याच मोहल्ल्यात समजावून सांगावं लागतं.

शेजारी बसलेल्या पोराने हळूच विचारलं, "चाचा, गाणं आपल्यात चालतं का?"

"बेटा, आधी खाँसाहेबांना सलाम करून ये, मग बोलू."

तो गेला. परतला तेव्हा तंबोरे लागले होते, म्हणून आमचं बोलणं राहूनच गेलं.